छोट्या इंजिनाची मोठी कुरकुर

हाताच्या पंजावर मावेल एवढे रेल्वे इंजिन. खिडक्या, कठडे, पायऱ्या, दिवे, सगळे हुबेहूब. नियंत्रकाची कळ फिरवली की ते रुळांवरून डौलात निघते आणि खोलीभर आवाज घुमतो. तो आवाज मात्र रेल्वेचा नसतो; बिघडत चाललेल्या मिक्सरचा असतो. अमेरिकेतील छांदिष्ट अशा इंजिनाला गमतीने ‘कॉफी दळायचे यंत्र’ म्हणतात.

पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात जाऊन आलेल्यांना ही दुनिया ओळखीची असेल. ज्यांच्या घरी असे एखादे इंजिन आहे, त्यांना तिची दुसरी बाजूही ठाऊक असते. परदेशातून कोणी हौसेने आणलेले किंवा वडिलांनी पदरमोड करून घेतलेले इंजिन घरघर करू लागते, मग अडखळते आणि एक दिवस खोक्यात बंद होऊन माळ्यावर जाते. सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. खरे तर आवाज ही त्या इंजिनाची तक्रार असते. ती वेळीच ऐकली तर बहुतेक इंजिने थोडक्यात वाचतात. न ऐकल्यास घर्षण वाढते, मोटर जास्त वीज खेचते, तापते आणि शेवटी जळते.

आवाज येतो कुठून?

खऱ्या डिझेल किंवा विद्युत इंजिनात मोठ्या मोटरी थेट आसांजवळ बसवता येतात आणि दातेरी चाकांच्या एका जोडीवर भागते. ‘एचओ’ प्रकारच्या प्रतिकृतीत सगळे ८७ पट लहान होते. रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. एवढ्याशा जागेत मिनिटाला हजारो फेरे घेणारी चिमुकली मोटर बसवायची आणि चाके मात्र संथ फिरवायची, हे खरे कोडे असते.

त्यावर रूढ झालेला उपाय म्हणजे ‘वर्म गिअर’. वर्म म्हणजे स्क्रूसारखे आटे पाडलेला दांडा. त्याचा एक पूर्ण फेरा झाला की त्याला भिडलेले दातेरी चाक एकच दात पुढे सरकते. घरातला टेबलफॅन मान डोलावतो, तो याच युक्तीने. पंखा सुसाट फिरतो, मान सावकाश वळते.

इंजिनातली साखळी साधारण अशी असते: मध्ये मोटर, तिच्या दोन्ही टोकांना गती टिकवणारी जड पितळी चाके म्हणजे फ्लायव्हील, पुढे सांध्यांचे दांडे, मग वर्म आणि त्याखाली बोगीतली दातेरी चाके. इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, तर ज्या सांगाड्यात चाके बसवलेली असतात तो भाग. या साखळीत कुरकुर करू शकतील अशा दहा-बारा जागा सहज असतात.

दात गाळून टाकले तर? अमेरिकेच्या ॲथर्न कंपनीने १९५०च्या दशकात तोही प्रयोग केला होता. मोटरच्या दांड्यावरून थेट आसांवर रबरबँड चढवले. इंजिन शांत झाले, पण वेग कमी करणारी दातेरी चाकेच नसल्याने ते कळ फिरवताच उधळायचे. संथ चालणे त्याला जमेना. शेवटी दात परत आले आणि दातांबरोबर आवाजही. शांतता आणि ताबा यांची सांगड घालायची, तर दातांशीच जमवून घ्यावे लागते.

आधी मोठा चोर पकडा

घरघर ऐकली की बहुतेकांचा हात तेलाच्या बाटलीकडे जातो. दिसेल तिथे थेंब सोडला जातो, इंजिन दोन दिवस गप्प बसते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते. कारण आवाजाचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेने चालत नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि ही मोजपट्टी लॉगरिदमिक आहे. ५० डेसिबलचे दोन स्रोत एकत्र आले तर बेरीज १०० होत नाही, ५३ होते. समजा, वर्ममधून ६० डेसिबलचा आणि बेअरिंगमधून ५० डेसिबलचा आवाज येतो आहे. दोन्ही मिळून होतात ६०.४. तुम्ही तासभर खपून बेअरिंगचा आवाज पूर्ण घालवलात, तरी उरतात ६०. कानाला काडीचाही फरक कळत नाही आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून आपण नाद सोडतो. तेच आधी वर्मचा बंदोबस्त केला तर उरतात ५०, म्हणजे कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो.

म्हणून पहिला नियम असा की सर्वांत मोठा आवाज कोणाचा, ते आधी ठरवायचे. तो गेला की त्याच्याआड लपलेला दुसरा ऐकू येतो. मग त्याची पाळी.

एकेक कडी सोडवा

हे ठरवण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. लागतो फोमचा तुकडा, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि धीर. इंजिन फोमवर उलटे ठेवा. रुळाला मिळते तीच १२ व्होल्टची वीज दोन तारांनी त्याच्या चाकांना द्या आणि ऐका. रुळावर होणारी घरघर इथे निम्म्याहून कमी झाली, तर दोष इंजिनात कमी आणि खालच्या फळीत जास्त आहे.

मग वरची बॉडी काढा. आवाज गेला? तर बॉडी कुठेतरी मोटरला, दांड्याला किंवा तारेला टेकते आहे. नाही गेला, तर दोन्ही बाजूंचे दांडे सोडवून फक्त मोटर चालवा. चांगली मोटर एकटी असताना हलकी गुणगुणते. ती एकटीच खरखरत असेल तर तिचे बेअरिंग कोरडे आहे किंवा कार्बन झिजले आहेत. मिक्सर दुरुस्त करणारे ज्यांना कार्बन म्हणतात, तेच हे. मोटर शांत असेल तर एक बोगी जोडा, ऐका. मग दुसरी जोडा, ऐका. ज्या टप्प्यावर आवाज परत येतो, तिथे चोर सापडतो.

आवाजाची चाल ओळखा

आवाजाचा ताल चोराचा पत्ता सांगतो. भारतीय रेल्वेच्या प्रसिद्ध ‘डब्ल्यूडीएम-२’ इंजिनाचे चाक १,०९२ मिलिमीटर व्यासाचे. त्याची ८७ पट लहान प्रतिकृती केली तर व्यास साडेबारा मिलिमीटर आणि परीघ जवळजवळ ४ सेंटिमीटर. म्हणजे असे इंजिन दर ४ सेंटिमीटरला एकदा ‘टक्’ करत असेल, तर दोष चाकाच्या आसावर आहे. रुळाशेजारी पट्टी ठेवा आणि मोजा. बहुधा आसावरचे प्लॅस्टिकचे दातेरी चाक तडकलेले निघते. ते आसावर घट्ट दाबून बसवलेले असते. वर्षानुवर्षांच्या ताणाने दोन दातांच्या मधोमध तडा जातो, तिथली फट रुंदावते आणि प्रत्येक फेऱ्याला दात अडकतो. हे प्लॅस्टिक निसरडे असल्याने गोंद त्यावर टिकत नाही. चाक बदलणे हाच उपाय.

आता वेगाचे गणित. खरी गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाते, तेव्हा प्रतिकृती सेकंदाला १६ सेंटिमीटर जाते. चाकाचे झाले ४ फेरे. मोटर १४ वेळा फिरल्यावर चाक एकदा फिरते असे धरले, तर मोटर सेकंदाला ५६ फेरे घेते, म्हणजे मिनिटाला ३,३६०. त्यामुळे मोटरशी किंवा वर्मशी बांधलेला आवाज ‘टक् टक्’ असा सुटा ऐकू येत नाही. त्याची सलग घरघर होते आणि वेग वाढवला की तिचा स्वर चढत जातो. सुटी टकटक असेल तर चाकाकडे पाहा, सलग घरघर असेल तर मोटर आणि वर्मकडे. गाडी उभी असतानाही गुणगुण येत असेल तर दोष यंत्राचा नाही, विजेचा आहे. त्याकडे पुढे वळू.

वर्मावर बोट

मराठीत वर्म म्हणजे दुखरी जागा. या इंजिनांच्या बाबतीत शब्द अगदी चपखल बसतो, कारण सर्वाधिक तक्रारी वर्मच्याच असतात. इतर दातेरी चाकांचे दात एकमेकांवर बरेचसे लोळत जातात. वर्मचा आटा दातावरून सतत घसरत जातो. घसरण म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे आवाज.

त्यात वर्मचा दांडा पुढे-मागे सरकायला थोडी मोकळीक असते. कारागीर तिला ‘प्ले’ म्हणतात. ती गरजेपेक्षा जास्त झाली की वर्म बेअरिंगवर आपटत राहतो. इंजिन एका दिशेने शांत आणि उलट दिशेने खडखड करत असेल, किंवा उतारावर मागचे डबे ढकलू लागताच हिसके देत असेल, तर संशय इथेच घ्यावा. उतारावर दाताच्या एका बाजूवरचा भार दुसऱ्या बाजूवर जातो आणि वर्म मोकळ्या जागेत मागेपुढे धडपडतो.

उपाय म्हणजे दांड्याच्या टोकाला कागदाएवढा पातळ वॉशर. एक घालून पाहावा, गरज पडली तर दुसरा. पण मोकळीक पूर्ण बंद करू नये. बोटाने दांडा हलवल्यावर जेमतेम जाणवेल एवढा प्ले राहिलाच पाहिजे, नाहीतर दांडा जाम होऊन मोटर तापते. दातांचेही तसेच. दोन चाकांच्या दातांमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून चाके बसवायची आणि मग पट्टी काढून घ्यायची, ही जुनी युक्ती आजही चालते. फार सैल दात खडखडतात, फार घट्ट दात किंचाळतात.

एक बारकावा अनेकदा सुटतो. मोटर आणि बोगी एका रेषेत नसतात, म्हणून मधल्या दांड्याला दोन्ही टोकांना सांधे असतात. दोन पाती असलेला सांधा कोनात फिरताना एकसारखा फिरत नाही; प्रत्येक फेऱ्यात दोनदा थोडा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. १० अंशांच्या कोनात हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो. दोन्ही टोकांच्या सांध्यांची पाती एकाच रेषेत असतील, तर एकाची चूक दुसरा खोडून काढतो. जोडताना त्यातला एक सांधा काटकोनात बसला, तर चुका खोडल्या न जाता एकमेकींत मिळतात आणि इंजिन थरथरते. दुरुस्तीनंतर इंजिन जास्तच घरघरू लागले, तर आधी हे तपासावे.

तेल किती, कुठले?

सुईच्या टोकावर राहील एवढे. दातांना प्लॅस्टिकला चालणारे हलके ग्रीस, बेअरिंगला पातळ तेलाचा जेमतेम थेंब. गंज सोडवणारे स्प्रे इथे वापरू नयेत. त्यातील द्रावके काही प्लॅस्टिकना ठिसूळ करतात. खोबरेल तर नकोच. ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, त्यामुळे डिसेंबरात इंजिन पहाटेच्या आळशी माणसासारखे वागते. शिवाय हवेत राहून हळूहळू चिकट होते.

जास्तीचे तेल नुसते वाया जात नाही, ते घात करते. धूळ, केस, गालिचाचे धागे त्यात अडकतात. मोटरच्या कॉम्युटेटरवर गेले तर कार्बनच्या भुकटीशी मिसळून काळी लुकण होते आणि मोटर तापते. चाकांवर उतरले तर इंजिन जागच्या जागी घसरते. म्हणून जुन्या इंजिनात नवे तेल घालण्यापूर्वी जुने काढायचे. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा पुरतो. खिडकी उघडी असावी आणि जवळपास पेटती उदबत्ती, निरांजन नसावे.

तंबोऱ्याचा भोपळा

सगळे दुरुस्त झाले तरी एखादे इंजिन फळीवर ठेवताच घुमू लागते. यामागचे विज्ञान शाळेत पाहिलेले असते. नादकाटा आपटून हवेत धरला तर जेमतेम ऐकू येतो; त्याचा दांडा टेबलावर टेकवला की आवाज एकदम मोठा होतो. बारीक काट्यापेक्षा टेबलाचा मोठा पृष्ठभाग हवेला जास्त हलवतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याचा भोपळा जपून निवडतात, तो याच कारणासाठी.

पातळ प्लायवूडवर थेट ठोकलेले रूळ म्हणजे इंजिनाने स्वतःसाठी मिळवलेला भोपळाच. रूळ आणि फळी यांच्यामध्ये बुचाची किंवा योगासनांच्या चटईसारख्या फोमची पट्टी घातली, की थरथर फळीपर्यंत पोहोचत नाही. खिळे आरपार ठोकले तर मात्र पट्टीचा उपयोग संपतो, कारण थरथर खिळ्यातून वाट काढते. पट्टीवर टाकलेली खडी कडक गोंदाने चिकटवली तरी तेच होते. लवचीक गोंद बरा.

इंजिनाच्या आतही भोपळे असतात. पोकळ बॉडी एखाद्या ठरावीक वेगालाच गुणगुणते, वेग बदलला की थांबते. याला अनुनाद म्हणतात. बॉडीच्या आतून एखादी छोटी जड पट्टी चिकटवली की तो मोडतो. मोटर चासीवर घट्ट आवळलेली असेल, तर मध्ये सिलिकॉनचा मऊ थर द्यावा.

नातवाला ऐकू येते, आजोबांना नाही

आता विजेचा आवाज. आधुनिक डिजिटल इंजिनांत मोटरचा वेग कमी करण्यासाठी वीज कमी करत नाहीत. ती सतत चालू-बंद करतात. ही उघडझाप सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा होत असेल, तर प्रत्येक झटक्याला मोटरची कॉइल थरथरते आणि मोटर छोटा स्पीकर बनते. संथ गतीला असे झटके उपयोगी पडत, कारण त्यांच्या धक्क्याने अडलेले चाक सुटे. नव्या डिकोडरमध्ये ही उघडझाप सेकंदाला १६ ते २० हजार किंवा त्याहून अधिक वेळा होते आणि गुणगुण नाहीशी होते. अनेक डिकोडरमध्ये हा बदल एका सेटिंगने करता येतो.

पण नाहीशी होते, ती कोणासाठी? माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, असे आपण वाचतो. वरची मर्यादा लहान वयातली आहे. आतल्या कानातील शंखाकृती भागाच्या तोंडाशी उंच स्वर टिपणाऱ्या केसपेशी असतात. वयानुसार आधी त्याच झिजतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून १५-१६ हजार हर्ट्झची शिट्टी नातवाला असह्य होते आणि इंजिन दुरुस्त करणारे आजोबा म्हणतात, ‘कुठे काय आवाज आहे?’ दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी निवाडा घरातल्या लहानांच्या कानांनी करावा.

पन्नाशीनंतर १५ हजार हर्ट्झ ऐकू न येणे हा आजार नव्हे. श्रवणचाचणीतही साधारणपणे ८,००० हर्ट्झपर्यंतचेच स्वर तपासतात. पण चाकाची टकटक इतरांना स्पष्ट ऐकू येते आणि आपल्याला नाही, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, ‘बोलणे ऐकू येते पण कळत नाही’ असे वाटते, स, श, फ, थ यांच्यात गल्लत होते, अशी लक्षणे असतील तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जाऊन चाचणी करून घ्यावी. आणि एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. तिथे वेळ फार मोलाचा असतो.

दुरुस्तीच्या टेबलावर आणखी एक पथ्य पाळावे. मोटर उघडली तर तिच्यातील लोहचुंबक, वॉशर आणि बटण सेल लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. एकाहून अधिक शक्तिशाली चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी चिमटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांतच ती भाजते.

शांतता किती हवी?

पूर्ण शांत इंजिन ही अपेक्षा चुकीची आहे. दात आहेत तोवर थोडी कुजबुज राहणारच. नवे इंजिनही आधी अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे, ओझ्याशिवाय, मध्यम वेगाने पळवावे. दात एकमेकांना रुळतात. चांगल्या इंजिनाची खूण एवढीच, की त्याच्या यंत्राचा आवाज रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांच्या आवाजाखाली दबून जावा. तो ‘खडक्-खडक्’ आपल्याला हवाच असतो.

हीच पद्धत घरात इतरत्रही लागू पडते. पंखा, मिक्सर, शिवणयंत्र, धुलाई यंत्र कुरकुरू लागले की तेल ओतण्यापूर्वी वीज बंद करून एकेक कडी तपासावी. काही सैल आहे का, काही टेकते आहे का, सर्वांत मोठा आवाज कोणाचा आणि त्याचा ताल कोणत्या फिरत्या भागाशी जुळतो, हे पाहावे. माळ्यावरच्या खोक्यातले ते इंजिन या सरावासाठी उत्तम आहे. बहुतेक वेळा त्याला हवा असतो कागदाएवढा वॉशर आणि सुईच्या टोकावरचे तेल.